ड्रोन उसात गेला. पल्ला वाढवायला १ वॅटचा ट्रान्समीटर घेऊ का?

कोरेगावचा_पंखा | १४ जुलै, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे तीनेक वर्षं नुसतं वाचतोय. लिहायची वेळ आज आली, तीही तोंड पाडून.

मागच्या वर्षी ५ इंची पात्यांचा क्वाड (चार मोटरचा ड्रोन) घरीच बांधला. २३०६ मापाच्या मोटर, २४५० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे), बॅटरी ४एस (ओळीत चार सेल). रिमोटचा दुवा एक्स्प्रेसएलआरएस (रेडिओ प्रणाली) २.४ गिगाहर्ट्झ, १०० मिलिवॅटवर. ड्रोनच्या कॅमेऱ्यातून गॉगलमध्ये येणारा व्हिडिओ साधा ॲनालॉग, ५.८ गिगाहर्ट्झवर. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर जेमतेम सहा मिनिटं उडायचा, म्हणून जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातल्या १८६५० सेलचा ४एस२पी पॅक (दोन-दोन सेल समांतर, अशा चार जोड्या ओळीत) केला. प्रत्येक सेलवर २६०० लिहिलेलं, म्हणजे एकूण ५२०० एमएएच. घरासमोर घिरट्या घालून पाहिल्या तर पॅकने पंधरा मिनिटं काढली. मी खूश.

परवा संध्याकाळी पावसाने उघडीप दिली. चुलतभावाला घेऊन माळावर गेलो आणि पूर्वेकडे कॅनॉलच्या बाजूला सोडला. साधारण २ किलोमीटरवर जाऊन तिथे जरा रेंगाळलो, शूटिंग केलं. परत फिरल्यावर दोन-अडीच मिनिटांत चित्रावर मुंग्या आल्या आणि गॉगलमध्ये अंधार. जीपीएस रेस्क्यू (दुवा तुटला तर ड्रोनने आपणहून घरी यायची सोय) लावलेलं होतं तरी आला नाही. शेवटचं लोकेशन उसाच्या फडात दाखवतंय. ऊस डोक्याच्या वर गेलाय. दोन दिवस पाचट तुडवलं, हातापायावर कुसळं, हाती शून्य.

आता दुसरा बांधतोय. सात हजारांपर्यंत खर्च करू शकतो. १ वॅटचा मोड्यूल घेऊ, की ८६८ मेगाहर्ट्झवर जाऊ? की दिशादर्शक ॲन्टेना? रेंजचा प्रश्न एकदाचा मिटवायचाय.

साडेसात_इंची | १४ जुलै, रात्री ११:०५

राग मानू नका, पण रोग कळायच्या आधी औषधाच्या दुकानात उभे आहात. गॉगलमधलं रेकॉर्डिंग आहे ना? जाताना, वळताना आणि शेवटी असे तीन ठिकाणचे आकडे टाका: एलक्यू (दुव्याचा दर्जा, टक्क्यांत), आरएसएसआय (पोचणाऱ्या सिग्नलची ताकद), व्होल्टेज, अँपिअर, जमिनीवरचा वेग. मग बोलू.

वाचनमात्र | १४ जुलै, रात्री ११:२०

उसात जाताना काठी आपटत जा. आमच्या जुन्नरकडे ड्रोन नाही, बिबट्या सापडतो.

कोरेगावचा_पंखा | १५ जुलै, सकाळी ७:१५

@साडेसात_इंची दादा, रात्री बसून लिहून काढले.

जाताना: १४.६ व्होल्ट, १० अँपिअर, वेग ७० किमी. एलक्यू १००.
२ किमीवर वळताना: १३.६ व्होल्ट, १० अँपिअर. एलक्यू ९८, आरएसएसआय उणे ८८.
परत येताना: १२.१ व्होल्ट, १७ अँपिअर, वेग २८. एलक्यू ९९.
शेवटची चौकट: १०.९ व्होल्ट, वापरलेले २३२० एमएएच, घरापासून ८३० मीटर. एलक्यू ९७.

बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती, म्हणूनच मी रेंजवर संशय घेतला.

साडेसात_इंची | १५ जुलै, सकाळी ९:४०

मग १ वॅटचे पैसे वाचले तुमचे. तुमची रेंज गेलेलीच नाही.

एलक्यू शेवटपर्यंत ९७. म्हणजे रिमोटने पाठवलेल्या माहितीच्या शंभर पाकिटांतली सत्त्याण्णव पोचत होती. २५० हर्ट्झ मोडमध्ये (सेकंदाला २५० पाकिटं) रिसीव्हरला उणे १०८ पर्यंत ऐकू येतं आणि तुम्ही उणे ८८ वर होतात. २० डीबी (सिग्नलच्या ताकदीचं माप) हातात. मोकळ्या हवेत २० डीबी म्हणजे दहापट अंतर. ५० हर्ट्झवर आणलं असतं तर उणे ११५ पर्यंत उतरता आलं असतं, तेही फुकटात. जीपीएस रेस्क्यू का आलं नाही, याचंही उत्तर यातच आहे. ते दुवा तुटल्यावर जागं होतं. तुमचा दुवा तुटलाच नाही. चित्र गेलं ते ड्रोन खाली बसला आणि मध्ये माती आणि ऊस आला म्हणून.

आता वेग बघा. जाताना ७०, येताना २८. थ्रॉटल वाढवूनही २८! जुलैमध्ये आपल्याकडे वारा पश्चिमेचा, आणि तुम्ही पूर्वेला गेलात. वाऱ्याने ढकलत नेलं, येताना भाडं वसूल केलं.

साधा हिशोब. हवेतला वेग ५० आणि वारा २० धरा. जाताना ७०, येताना ३०. २ किलोमीटर जायला पावणेदोन मिनिटं, यायला चार. वारा नसता तर दोन्ही मिळून पाच मिनिटांच्या आत झालं असतं. आणि हे थ्रॉटल तेवढंच ठेवलं तर. तुम्ही घाबरून थ्रॉटल दाबलंत, म्हणून १० चे १७ अँपिअर झाले.

खरा खुनी पॅक आहे. लॅपटॉपचे २६०० चे सेल साधारण ५ अँपिअरपर्यंतच्या कामाचे असतात, तेही नवे असताना. दोन समांतर, म्हणजे १७ अँपिअरला प्रत्येकावर साडेआठ. आतला रोध वाढलेले म्हातारे सेल. १०.९ भागिले ४ म्हणजे सेलला २.७ व्होल्ट. तिथे मोटरला जोरच उरत नाही. उरलेले २९०० एमएएच कागदावर होते.

सह्यभटक्या | १५ जुलै, सकाळी १०:०२

एक नंबर शवविच्छेदन. वाचनखूण साठवली.

तारवाले_काका | १५ जुलै, दुपारी १:३०

दूरसंचार खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही.

अंतर दुप्पट करायचं तर ताकद चौपट लागते. १०० मिलिवॅटचा १ वॅट केलात तर दहापट वीज जाते आणि अंतर वाढतं तिपटीच्या थोडं वर. तेच ६ डीबी ॲन्टेनातून मिळवलेत तर अंतर दुप्पट आणि बॅटरीला तोशीस नाही. पण पॅच ॲन्टेना म्हणजे टॉर्चचा झोत. त्याच्या मागे गेलात की अंधार.

दुसरं. ८६८ म्हणताय, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना आहे. मात्र अमेरिकेचा ९१५ चा मोड्यूल कुणी स्वस्तात गळ्यात मारला तर घेऊ नका. त्यांचा पट्टा ९०२ ते ९२८. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये लोकांचे मोबाईल टॉवरशी बोलतात. तिथे तुम्ही पाव वॅटने ओरडणार, आणि टॉवरच्या आसपास तुमचाच रिसीव्हर बहिरा होणार.

तिसरं, फुकटचं. दूरदर्शनच्या काळात गच्चीवर एक जण ॲन्टेना फिरवायचा आणि खालून पोरं ओरडायची, "आलं, आलं, गेलं!" त्या काड्या आडव्या का असायच्या? प्रक्षेपण आडव्या ध्रुवणाचं, म्हणजे लहरी आडव्या डोलणाऱ्या, म्हणून. रिमोटची दांडी उभी आणि ड्रोनवरची वायर आडवी असेल तर तुम्ही खिशातल्या डीबी ओढ्यात टाकताय. रिसीव्हरच्या दोन वायरी एकमेकींशी काटकोनात ठेवा, कार्बन फ्रेमपासून दूर. कार्बनला वीज वाहते, तो आड आला की भिंतच. २.४ ला वायरीचा उघडा भाग ३१ मिलिमीटर असतो. पंख्याने त्यातला तुकडा छाटला तर वरून काही दिसत नाही, आणि रेंज मात्र गल्लीपुरती राहते. पट्टी लावून मोजा.

प्रश्नचिन्ह | १५ जुलै, दुपारी ३:१५

काका, माझ्याकडे तयार डीजेआय मिनी २ आहे. भावाने २०२१ मध्ये घेतलेला. बूस्टर, किंवा ते रिमोटला लावायचे चकचकीत पत्रे, यांचा उपयोग होतो का? कंपनी १० किलोमीटर म्हणते, मला दीडवरच तुटतो.

साडेसात_इंची | १५ जुलै, दुपारी ३:५०

१० किलोमीटर हा अमेरिकी एफसीसी नियमाचा आकडा आहे, तोही अडथळा नसलेल्या, शांत हवेतला. युरोपच्या सीई नियमात तोच ड्रोन ६ म्हणतो. शहरात प्रत्येक फ्लॅटमध्ये वायफाय ओरडतंय, तिथे दीडसुद्धा कमी नाही.

आधी हे सांगा, फोन लावायची पकड पूर्ण वर ओढता का? त्या रिमोटची ॲन्टेना त्या पकडीत आहे. निम्मे लोक रिमोट पोटाशी आडवा धरतात आणि ॲन्टेनाची कड ड्रोनकडे करतात. सपाट बाजू ड्रोनकडे हवी. पत्र्याने थोडा फरक पडतो, पण पत्रा धरायचा कुठे हे कळलं तरच. बूस्टरच्या नादी लागू नका. तो रिमोटचा आवाज मोठा करतो, ड्रोनचा नाही. तुमचं चित्र तर ड्रोनकडून येतं.

मृण्मयी_म्युनिक | १५ जुलै, सायंकाळी ६:२०

इकडची गंमत सांगते. जर्मनीत ५.८ वर व्हिडिओ २५ मिलिवॅट आणि २.४ वर ॲन्टेनासकट १०० मिलिवॅट, एवढीच मुभा. उंची १२० मीटर. गॉगल लावून उडवायचं तर शेजारी एक माणूस उभा हवा, ज्याला ड्रोन साध्या डोळ्यांनी दिसतोय. आमच्या क्लबमध्ये ते काम नवऱ्यांकडे असतं.

या बंधनामुळे आम्ही लोक पल्ला म्हटलं की वेळ समजतो. किती दूर गेला हे कुणी विचारत नाही, किती वेळ वर राहिला ते विचारतात. माझा ७ इंची एका पॅकवर २६ मिनिटं राहतो आणि ३०० मीटरच्या पलीकडे कधी गेलेला नाही.

रानवारा७ | १५ जुलै, सायंकाळी ७:०१

जर्मनी वेगळं, आपण वेगळे. कोरेगावच्या माळावर कोण बघतंय? बिनधास्त उडवा.

कामशेतचा_पतंग | १५ जुलै, सायंकाळी ७:३०

@रानवारा७ कोण बघतंय? मी. कामशेतला नाहीतर पाचगणीला पॅराग्लायडर घेऊन मी त्याच हवेत असतो. माझ्या दोऱ्या एक-दोन मिलिमीटरच्या. पाऊण किलोचं यंत्र, चार पाती, आणि उडवणारा दोन किलोमीटरवर गॉगलमध्ये डोकं घालून बसलेला. त्याला डावी-उजवीकडचं काही दिसत नाही. मला हॉर्न पण नाही.

सह्यभटक्या | १५ जुलै, रात्री ८:१०

वरच्यांना +१. नियमांचं थोडं, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. पंखाभाऊंचा ७८० ग्रॅमच्या आसपास असणार, म्हणजे मायक्रो. हौशी लोकांना ज्या 'मॉडेल' व्याख्येखाली सवलत मिळते, त्या व्याख्येतच लिहिलंय की ते नजरेच्या टप्प्यात उडवलेलं असलं पाहिजे. ५ इंची क्वाड ४०० मीटरवर ठिपका होतो, २ किलोमीटरवर नसतोच. थोडक्यात, पल्ला वाढवला की सवलतीतून आपणच बाहेर पडतो. दंड १ लाखापर्यंत. नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फूट उंचीपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फूट, त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आहे, निघायच्या आधी बघायचा. पुण्याच्या मंडळींनी तर दोनदा, लोहगाव आणि एनडीए दोन्ही उशाला आहेत. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर वेगळी परवानगी लागते.

अवांतर: नॅनो ड्रोनला मोठी बॅटरी लावली की तो नॅनो राहत नाही. मिनीवाल्यांनी वजनकाट्यावर ठेवून बघावं.

रानवारा७ | १५ जुलै, रात्री ८:४४

बरं बाबा, चुकलो. पतंगराव, आकाश तुमचं.

कोरेगावचा_पंखा | १६ जुलै, सकाळी ६:५०

नजरेबाहेर नेला ही चूक कबूल. चुलतभाऊ शेजारी होता, पण तो मोबाईल बघत होता.

मग आता असं विचारतो: पल्ला सोडा, वेळ कसा वाढवू? पॅकच्या शेजारी आणखी एक पॅक बांधला तर?

साडेसात_इंची | १६ जुलै, सकाळी ११:३०

इथेच सगळे फसतात. मीही फसलोय, म्हणून सविस्तर.

हवेत तरंगायला लागणारी ताकद वजनाच्या दीड घाताने वाढते. वजन २० टक्क्यांनी वाढलं तर ताकद ३१ टक्क्यांनी. समजा बॅटरीशिवाय ड्रोन ४०० ग्रॅम, एक पॅक २०० ग्रॅम. एका पॅकचा वेळ १० मिनिटं धरू.

दोन पॅक लावले: १३ मिनिटं.
तीन: १४ च्या जरा आत.
चार: १४ च्या जरा वर.
पाच: पुन्हा १४. म्हणजे उलटा प्रवास सुरू.

बॅटरीचं वजन बाकीच्या ड्रोनच्या दुप्पट झालं की कळस, त्यानंतर उतार. आणि कळसाच्या कितीतरी आधी तो ड्रोन म्हशीसारखा वागायला लागतो. वळवला की दोन सेकंदांनी वळतो. वरचं गणित एका जागी तरंगण्याचं आहे, मोटरची ताकद अमर्याद धरून. प्रत्यक्षात मोटर गरम होतात आणि हिशोब आणखी बिघडतो.

म्हणून क्रम असा. आधी वजन काढा: जास्तीचे स्क्रू, लांब वायरी, दुसरा कॅमेरा. मग पाती मोठी करा. ५ इंचावरून ७ वर गेलात तर पात्यांचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं आणि तेवढ्याच वजनाला ताकद सुमारे तीस टक्के कमी पुरते. त्यासाठी फ्रेम आणि मोटर दोन्ही बदलायला लागतात, कमी केव्हीच्या, रुंद स्टेटरच्या (मोटरचा आतला स्थिर भाग). २४५० वर ७ इंची पाती चढवून हात भाजून घेऊ नका.

मग सेल. चांगला २१७०० सेल घ्या, मोलिसेल पी४२ए सारखा. ४२०० एमएएच, ७० ग्रॅमच्या आत, ४५ अँपिअरचा दाखला. चार सेलचा ४एस१पी पॅक वायरीसकट ३०० ग्रॅमच्या आत बसतो आणि त्यात ६० वॅट-तास असतात. तुमचे आठ म्हातारे ३८० ग्रॅमचे असतील. लिथियम-आयन सेल ३ व्होल्टपर्यंत खाली नेता येतो, लिपो साडेतीनला उतरवायचा. ते मर्यादेचे आकडे बदलायला विसरू नका, नाहीतर अर्ध्या वाटेत भोंगा वाजेल.

बाजारात '९९०० एमएएच' लिहिलेले १८६५० मिळतात, त्यांना हात लावू नका. त्या आकाराच्या खऱ्या सेलची उडी साडेतीन हजारांच्या आसपास संपते. सोनाराच्या काट्यावर ठेवा. खरा ४५ ग्रॅमच्या घरात असतो, खोटा बराच हलका भरतो. माझ्याकडच्या एकाच्या पोटात पांढरी भुकटी निघाली होती.

तारवाले_काका | १६ जुलै, दुपारी १२:१०

आणि सेलवर थेट सोल्डरिंग लोखंड टेकवू नका. निकेलची पट्टी, स्पॉट वेल्डिंग. गावात ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा असेल, त्याच्याकडे मशीन असतं. चहाच्या मोबदल्यात करून देईल. चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

मृण्मयी_म्युनिक | १६ जुलै, दुपारी २:२५

माझी एक सवय जोडते. उडवायच्या आधी मूठभर गवत हवेत सोडायचं. वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि पाठीवर घेऊन परतायचं. उलट कधीच नाही. आणि वापरलेले एमएएच बघून परत फिरायचं, व्होल्टेज बघून नाही. पॅक आधी घरी पूर्ण रिकामा करून मोजायचा, सेलवरच्या छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. आमच्याकडे एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेला देवाला.

कोरेगावचा_पंखा | १६ जुलै, दुपारी ३:००

ताई, देवाचा वाटा मीच खाल्ला होता.

शेवटचा प्रश्न: रेस्क्यू नेमकं कसं लावू?

साडेसात_इंची | १६ जुलै, दुपारी ३:४०

बेटाफ्लाइटमध्ये (ड्रोन सांभाळणारं सॉफ्टवेअर) दुवा तुटल्यावर काय करायचं याचं मूळ सेटिंग 'ड्रॉप' असतं, म्हणजे मोटर बंद आणि दगडासारखा खाली. ते बदलून जीपीएस रेस्क्यू केलंय का ते बघा. उपग्रह पुरेसे लागेपर्यंत जमीन सोडू नका, नाहीतर घर कुठे हेच त्याला माहीत नसतं. परतीची उंची आसपासच्या सर्वात उंच झाडाच्या, तारेच्या वर. १०० मीटरवर, डोळ्यांसमोर, एका बटणावर लावून आधी चाचणी घ्या. आणि स्वतःची बॅटरी असलेला भोंगा लावा, पंधरा ग्रॅम वजन होतं पण उसात तोच बोलतो. ड्रोनवर फोन नंबर लिहिलाय ना?

कोरेगावचा_पंखा | १६ जुलै, दुपारी ३:४८

लिहिलाय. बॅटरीच्या पट्ट्याखाली, परमनंट मार्करने.

संपादक | १७ जुलै, सकाळी ९:००

धाग्यावर कंपनीच्या मर्यादा काढून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची लिंक देणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. चर्चा चालू ठेवावी.

कोरेगावचा_पंखा | १९ डिसेंबर, रात्री ९:१२

धागा वर काढतोय. ऊस तुटला!

दुपारी एका मुकादमाचा फोन आला, "पंख्याचं काहीतरी घावलंय, नंबर तुमचाच हाय का?" टोळीतल्या एका बाईच्या कोयत्याला तो लागला. पाती चारही शाबूत. म्हणजे शेवटी हळूच बसला होता, आपटला नव्हता. बॅटरीच्या वायरीचं सिलिकॉन उंदरांनी कुरतडलंय, फ्लाइट कंट्रोलरवर मुंग्यांचं घर. आठ सेल मोजले: सहा शून्यावर, उरलेले दोन ३ व्होल्टच्या जवळ. ते दोन निवांत झोपले होते आणि बाकीचे त्यांच्यासाठी मेले, की उलट, ते काका सांगतील. तीन मोटर गंजून जाम, चौथी बोटाने फिरवली तर अजून फिरते.

काका, पट्टी लावली. रिसीव्हरची एक वायर ३१ मिलिमीटर, दुसरी १२. कापलेली कड स्वच्छ आहे, उंदराची नाही, पंख्याची. म्हणजे एका कानाने बहिरा असूनही एलक्यू ९७ होता.

दोघांना, मुकादमाला आणि त्या बाईंना, पेढे दिले. नवा ७ इंची ऑक्टोबरपासून उडतोय. मोलिसेलचा पॅक, १०० मिलिवॅटच, गवत उडवून वाऱ्याच्या तोंडावर, चुलतभावाचा मोबाईल माझ्या खिशात. काल २४ मिनिटं.

तारवाले_काका | १९ डिसेंबर, रात्री ९:५०

१२ मिलिमीटर! खिक्. शून्यावर गेलेले सेल पुन्हा चार्ज करून बघायचा मोह आवरा. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, त्या गाडीला आग लागते.

प्रश्नचिन्ह | १९ डिसेंबर, रात्री १०:०४

ती चौथी मोटर विकणार का?